रुपयामागे एक आणा

गेल्या उन्हाळ्यात मामांची पत्र्याची पेटी उघडली ती सातबाऱ्याच्या जुन्या उताऱ्यासाठी. उतारा सापडला नाही. सापडल्या त्या एका प्लॅस्टिकच्या पिशवीत सुतळीने बांधलेल्या पातळ कागदाच्या पावत्या. त्यावरची छपाई फिकट झालेली, पण आकडे वाचता येत होते : वर्षाच्या सुरुवातीची शिल्लक, कामगाराचा हिस्सा, मालकाचा हिस्सा, व्याज, अखेरची शिल्लक. पहिली १९९०-९१ची, शेवटची १९९८-९९ची. मी मोजल्या. मामांनी मला मोजू दिले आणि म्हणाले, "नऊच हायेत ना? मी काम केलं बारा वर्सं. जून सत्याऐंशी ते एप्रिल नव्याण्णव. तीन वर्सं कुठं गेली, ते काय मला आजवर कुणी सांगितलं नाय."

मामा कामशेतजवळचे. घरची भातशेती चार महिन्यांची, बाकीचे आठ महिने मिळेल ते काम. १९८७ साली आमच्या भागात एक नवा कारखाना उभा राहिला, लोखंडी सुटे भाग करणारा. मामा तिथे पहिल्या दिवसापासून लागले. भिंतींचे प्लास्टर ओले होते तेव्हापासून, असे ते अजून सांगतात. कारखाना १९९९ मध्ये बंद पडला. मामा तेव्हा पंचेचाळीस वर्षांचे होते. पुढे ते लोणावळ्यात एका कंत्राटदाराकडून पहारेकरी म्हणून राहिले. आज त्यांना फंडाचे निवृत्तिवेतन नाही. त्यासाठी किमान दहा वर्षांची सेवा लागते आणि त्यांची भरते नऊ.

माझा व्यवसाय शिक्षकाचा आणि छंद जुनी कागदपत्रे वाचण्याचा. मामांच्या तीन वर्षांचा माग काढायचा म्हणून कायदा वाचायला बसलो आणि पाहता पाहता शंभर-सव्वाशे वर्षे मागे गेलो. पुढे जे लिहिले आहे ते त्या शोधातले. मावळाचा इतिहास म्हटला की आपण लोहगड-विसापूर आणि १७७९ची वडगावची लढाई यांवर थांबतो. पगाराच्या दिवसाचाही इथे इतिहास आहे, आणि तो बराच जुना आहे.

तो घाटातून सुरू होतो. बोरघाटातल्या रेल्वेमार्गाचे काम १८५६ साली सुरू झाले आणि १८६३ साली गाड्या घाट चढू लागल्या. कामाचा जोर होता तेव्हा, १८६१च्या सुमारास, घाटात एका वेळी चाळीस हजारांहून अधिक माणसे राबत होती. ही माणसे ज्याच्या पदरी होती तो मक्तेदार विल्यम फॅविएल. त्याच्या हाताखाली पोटमक्तेदार, त्यांच्या हाताखाली मुकादम. मजुरी या उतरंडीवरून खाली येईपर्यंत उशीर होई, कमी होई, कधी येतच नसे. १८५९च्या जानेवारीत थकलेल्या मजुरीवरून मजुरांनी दंगा केला. सरकारी चौकशी झाली आणि फॅविएलने मक्ता सोडला. त्यानंतर आलेला सॉलोमन ट्रेडवेल हिंदुस्थानात उतरल्यावर थोड्याच दिवसांत वारला. पुढचे काम त्याच्या बायकोने, ॲलिसने, जाणकार इंजिनियर नेमून तडीस नेले. तिची हकीकत इंग्रजी पुस्तकांत कौतुकाने येते. मजुरांची नावे मात्र कुठे येत नाहीत, कारण ती कुणी लिहिलीच नव्हती. मुकादम डोकी मोजत असे.

रेल्वे सुरू झाल्यावर लोणावळा बदलले. जीआयपी रेल्वेचे इंजिनांचे कारखाने आणि घाटासाठी लागणारी जादा इंजिने इथे होती. गोऱ्या आणि अँग्लो-इंडियन ड्रायव्हर-फोरमन मंडळींच्या वस्तीसाठी प्रार्थनामंदिरे आली, शाळा आली. 'प्रॉव्हिडंट फंड' हा शब्द मावळात बहुधा याच वस्तीतून उतरला असावा, असा माझा तर्क आहे. सरकारी आणि रेल्वेच्या फंडांसाठी १८९७ साली कायदा झाला, पुढे १९२५ साली त्याची जागा नव्या कायद्याने घेतली. या कायद्यातले एक कलम फार शहाणपणाचे आहे : फंडातल्या अनिवार्य ठेवीवर सावकाराला जप्ती आणता येत नाही. मारवाडी-पठाणांच्या व्याजाखाली दबलेल्या त्या काळात कामगाराच्या मालकीचे, पण सावकाराच्या हातात न येणारे असे दुसरे काय होते? बायकोचे मंगळसूत्रसुद्धा गहाण पडत असे.

पण हा फंड पटावरच्या माणसाचा. रुळांवर खडी घालणारे, रोजंदारीवरचे, हंगामी, यांच्यातला मोठा भाग बराच काळ बाहेरच राहिला. त्यानंतर मावळात दुसरे मोठे काम आले ते टाटांच्या जलविद्युत प्रकल्पाचे. ८ फेब्रुवारी १९११ रोजी लोणावळ्यात गव्हर्नर सर जॉर्ज क्लार्क यांच्या हस्ते पायाभरणी झाली. वळवण, लोणावळा, शिरवता ही धरणे उभी राहिली आणि १९१५ साली खोपोलीची वीज मुंबईच्या गिरण्यांना मिळू लागली. पुढे ठोकरवाडीचे धरण झाले, शेजारच्या मुळशीचे झाले. मुळशीचा सत्याग्रह आणि सेनापती बापट आपल्याला माहीत आहेत. तो जमिनीचा लढा होता, आणि जमीन गेलेली माणसे पुढे मजूर होतात हा त्याचा न लिहिलेला भाग. त्याच टाटांच्या जमशेदपूरच्या पोलाद कारखान्यात १९२० साली प्रॉव्हिडंट फंड सुरू झाला, कायद्याची सक्ती नसताना. चांगल्या मालकाकडे फंड आणि इतरांकडे नाही, अशी ही स्थिती पुढची तीस वर्षे टिकली.

मधल्या काळात मावळात आणखी एक 'फंड' होऊन गेला. विषयाच्या थोडा बाहेरचा आहे, पण सोडवत नाही. अंताजी दामोदर काळे नावाच्या गृहस्थांच्या मनात आले की देशातल्या प्रत्येक माणसाने वर्षाला एक पैसा दिला तर स्वदेशी उद्योग काढता येईल. टिळकांनी कल्पना उचलून धरली, पैसा फंड उभा राहिला आणि त्यातून १९०८ साली तळेगाव दाभाड्याला काचकारखाना निघाला. जपान-अमेरिकेत शिकून आलेले ईश्वरदास वार्ष्णेय तिथे तज्ज्ञ म्हणून होते. त्या कारखान्यात शिकलेले कारागीर पुढे देशभरच्या भट्ट्यांवर गेले. मला यातला हिशेब आवडतो. रुपयाचे पैसे चौसष्ट, आण्याचे चार. एक पैसा कुणालाच जड नाही, म्हणून तो सगळ्यांकडून मागता येतो. राष्ट्रीय पातळीवरच्या कुठल्याही बचतीचे मूळ गणित हेच आहे. फरक इतकाच की पैसा फंडात पैसा देणाऱ्याला तो परत मिळायचा नव्हता, आणि द्यायचा की नाही हे त्याच्या मर्जीवर होते.

सक्ती आली ती स्वातंत्र्यानंतर. १९४८ साली कोळसा खाणींसाठी फंडाचा कायदा झाला. त्याच वर्षी सगळ्याच औद्योगिक कामगारांना फंड द्यावा असे एक खासगी विधेयक आले आणि सरकार स्वतः विचार करील या आश्वासनावर मागे घेतले गेले. १५ नोव्हेंबर १९५१ रोजी वटहुकूम निघाला आणि ४ मार्च १९५२ रोजी त्याचा कायदा झाला. या कायद्याच्या उद्देशपत्रिकेत एक कबुली आहे, ती मी दोनदा वाचली. तिचा आशय असा : म्हातारपणी आणि कमावता माणूस गेल्यावर निवृत्तिवेतन मिळावे हा खरा आदर्श मार्ग, पण देशाच्या आजच्या स्थितीत ते नजीकच्या काळात शक्य दिसत नाही, म्हणून हा फंड. आपल्याकडेच असे झाले असेही नाही. मलायात १९५१ साली आणि सिंगापुरात १९५५ साली असाच फंड आला. निवृत्तिवेतनाची हमी द्यायची तर माणूस किती जगेल याची जोखीम सरकारने घ्यायची. फंडात ती जोखीम कामगाराकडेच राहते. त्याला त्याचे साठलेले मिळते, ते संपले की संपले.

पहिला दर होता सव्वासहा टक्के. हा विचित्र आकडा कुठून आला असे आजच्या वाचकाला वाटेल. तो आला रुपयातून. सोळा आण्यांतला एक आणा म्हणजे सव्वासहा टक्के. मूळ पगार आणि महागाई भत्ता यांच्या दर रुपयामागे कामगाराचा एक आणा, मालकाचा एक आणा. निरक्षर माणसालाही हिशेब बोटांवर कळावा असा हा दर होता. पुढे दर ८.३३ झाला, म्हणजे बारावा हिस्सा, वर्षाकाठी एक पगार. तोही समजण्यासारखा. आताचा बारा टक्क्यांचा दर १९९७ पासूनचा. व्याज पहिल्या वर्षी ३ टक्के होते, मामांच्या नऊही पावत्यांवर ते १२ टक्के आहे, आणि २०२३-२४ साठी ८.२५.

कायद्यात एक गोष्ट स्पष्ट लिहिली आहे, ती प्रत्येक कामगाराने पाठ करावी : मालकाचा आणा मालकाच्या खिशातून जायचा, तो कामगाराच्या पगारातून वळता करता येत नाही आणि फंड लागू झाला म्हणून पगारही कमी करता येत नाही. कामगाराचा कापलेला हिस्सा मालकाने स्वतःकडे ठेवला तर? १९७३ साली दंडसंहितेत एक स्पष्टीकरण घातले गेले. त्यानुसार कापलेली रक्कम मालकाकडे विश्वासाने सोपवलेली आहे असे धरले जाते, आणि ती न भरणे हा विश्वासघाताचा फौजदारी गुन्हा ठरतो.

मात्र या कायद्याचे दार सुरुवातीला अगदी अरुंद होते. उद्योग सहाच : सिमेंट, सिगारेट, अभियांत्रिकी, लोखंड-पोलाद, कागद आणि कापड. कारखान्यात किमान पन्नास कामगार हवेत. महिना तीनशे रुपयांपर्यंत पगार असणाऱ्यालाच सक्तीचे सभासदत्व. वर्षभर नोकरी झाल्याशिवाय नाव नाही. थोडी वर्षे काम करून सोडले तर मालकाच्या हिश्शातला काही भाग कामगाराला मिळतही नसे. मग यादी वाढत गेली. काच, वीज, साखर, छपाई १९५६ साली आले. म्हणजे पैशापैशाने उभ्या राहिलेल्या तळेगावच्या काचकारखान्यासारख्या उद्योगाला कायद्याचा फंड यायला मध्ये अठ्ठेचाळीस वर्षे गेली. १९६० अखेर पन्नासाची अट वीसवर आली, १९६१ साली हॉटेले आली, १९७७ साली विड्या. घरी बसून विड्या वळणाऱ्या बाया कामगार आहेत का, हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १९८५ साली निकाल त्यांच्या बाजूने लागला.

लोणावळ्याच्या दृष्टीने यातला 'वीस' हा आकडा महत्त्वाचा. चिक्की, फज, छोटी हॉटेले, बंगल्यांची देखभाल, हे इथले धंदे. हंगामात पंचवीस हात, पावसाळा सरला की आठ. वजनावर चिक्कीचे पुडे बांधणाऱ्या बाया कुणाच्या पटावर आहेत हे विचारायला गेलो तर बाया हसल्या. त्यातली एक म्हणाली, "आमचा फंड म्हंजी भिशी." महिन्याला पाचशे, वीस जणी, चिठ्ठी निघेल तिचे दहा हजार. मालकाचा आणा मात्र भिशीत नसतो.

रेल्वेवाल्यांची गोष्ट वेगळ्या वळणाने गेली. त्यांच्याकडे फंड सर्वांत आधी आला आणि त्याचाच काहींना तोटा झाला. नोव्हेंबर १९५७ मध्ये रेल्वेने निवृत्तिवेतन सुरू केले आणि जुन्या नोकरांना निवड दिली : फंडात राहा किंवा पेन्शनकडे या. पेन्शन घेतली तर मालकाचा साठलेला हिस्सा सोडायचा. हातातला घोडा सोडून कुणी स्वप्नातल्या घोड्यावर बसतो का? अनेकांनी फंड निवडला. पुढे महागाई वाढली, पेन्शनी वाढल्या, फंडाची गठ्ठ्याने मिळालेली रक्कम लग्नांत आणि घरांत विरून गेली. मग हे निवृत्त लोक न्यायालयात गेले. १३ जुलै १९९० रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने, कृष्णकुमार विरुद्ध भारत सरकार या खटल्यात, त्यांची मागणी नाकारली. निवड तुमची होती, असे उत्तर मिळाले. कायद्याने ते बरोबरही असेल. पण बत्तीस वर्षांनी काय स्वस्त पडेल हे १९५७ साली इंजिनात कोळसा टाकणाऱ्याने कसे ओळखायचे, हा प्रश्न निकालपत्राने सुटत नाही.

आता मामांची तीन वर्षे. ती कुणी चोरली नव्हती. ती कायद्याच्या सोळाव्या कलमात होती. नव्याने सुरू झालेल्या कारखान्याला पहिली तीन वर्षे हा कायदा लागू नसे. कल्पना अशी की धंदा बाळसे धरेपर्यंत मालकावर बोजा नको. कायद्याच्या बोलीत याला उद्योगाचे बाल्य म्हणत. मामांचा कारखाना जून १९८७चा, म्हणून फंड जून १९९०पासून. ही सवलत २२ सप्टेंबर १९९७ला रद्द झाली, पण मागची वर्षे त्यामुळे भरून आली नाहीत. गंमत म्हणा की क्रौर्य म्हणा, बाल्याची सवलत सर्वांत जास्त भोवते ती पहिल्या दिवसापासून असलेल्या कामगाराला. ओल्या प्लास्टरच्या भिंतींत जो उभा होता, त्यालाच.

तरीही नऊ वर्षांचे दहा करता आले असते. हे कळले तेव्हा मला मामांना सांगावे की नाही असा प्रश्न पडला. १६ नोव्हेंबर १९९५पासून निवृत्तिवेतनाची योजना आली. १९५२ साली जे नजीक दिसत नव्हते ते त्रेचाळीस वर्षांनी आले, तेही मालकाच्याच हिश्शातून तुकडा काढून. आजचा हिशेब असा : पंधरा हजार पगारावर कामगाराचे १,८०० कापले जातात, ते सगळे फंडात जातात. मालकाच्या १,८०० पैकी १,२५० पेन्शनच्या खात्यात आणि ५५० फंडात. सरकार आपल्याकडून १.१६ टक्के पेन्शनमध्ये घालते. पेन्शन काढायची रीत सोपी आहे : सरासरी पगाराला सेवेच्या वर्षांनी गुणायचे आणि सत्तरने भागायचे. पंधरा हजारांवर दहा वर्षे भरली तर महिना २,१४३ रुपये. सेवा मोजताना सहा महिने किंवा जास्त असतील तर पूर्ण वर्ष धरतात. मामांची आठ वर्षे दहा महिने, म्हणून नऊ.

दहा पुरी न झालेल्याला दोन वाटा असतात. एक, फॉर्म १०-सी भरून पेन्शनच्या खात्यातली ठरलेली रक्कम उचलायची आणि मोकळे व्हायचे. दुसरी, त्याच फॉर्मवर पैशांऐवजी योजना प्रमाणपत्र मागायचे. ते जपून ठेवायचे, आणि पुढे फंड लागू असलेल्या दुसऱ्या नोकरीत लागलो की तिथली वर्षे त्यात मिळवायची. मामांना आणखी एकाच वर्षाची गरज होती. १९९९ साली कारखाना बंद, घरात थोरलीचे लग्न ठरलेले. कामगारांनी एकत्र फॉर्म भरले, एका ओळखीच्या कारकुनाने सगळ्यांच्या फॉर्मवर एकाच रकान्यात खूण केली. मामांनी सही केली. प्रमाणपत्र असते हे त्यांनी माझ्या तोंडून पहिल्यांदा ऐकले.

लोणावळ्याच्या पहाऱ्याच्या नोकरीत तरी एक वर्ष भरले असते का? कायद्याने भरायला हवे होते. कंत्राटदाराच्या माणसांचाही फंड भरण्याची पहिली जबाबदारी मुख्य मालकाची असते, त्याने नंतर तो कंत्राटदाराकडून वसूल करायचा. पण मामांचे नाव कुठल्या पटावर होते हेच त्यांना ठाऊक नाही. दर अकरा महिन्यांनी कंत्राटदाराचे नाव बदले, गणवेश तोच राही. पगार रोखीने पाकिटात. चिठ्ठी नाही. बोरघाटातला मुकादम डोकी मोजत असे, तसेच.

रक्कम केवढी, हेही प्रामाणिकपणे सांगायला हवे. सप्टेंबर २०१४पासून या योजनेतले किमान निवृत्तिवेतन महिना एक हजार आहे. म्हणजे दहा वर्षांत मामांचे एक लाख वीस हजार बुडाले. हजार रुपयांत म्हातारपण निघत नाही आणि ती रक्कम वाढावी म्हणून वृद्ध पेन्शनर वर्षानुवर्षे मोर्चे काढत आहेत. मामा ते जाणतात. त्यांचे दुःख वेगळे आहे. "हजारानं काय व्हतंय," ते म्हणाले, "पण दर म्हयन्याला बँकेत गेलो असतो. तिथं नाव असतं."

पुण्यातल्या फंडाच्या कार्यालयात मी मामांना घेऊन गेलो होतो. तिथल्या अधिकारी बाईंनी पावत्या नीट पाहिल्या, संगणकात जुना क्रमांक शोधला, आणि खाते १९९९ साली पूर्ण चुकते झाल्याचे सांगितले. "दादा, प्रमाणपत्र घेतलं असतं तर..." असे म्हणून त्या थांबल्या. मामांनी त्यांना नमस्कार केला. येताना लोकलमध्ये ते खिडकीशी बसून राहिले. वडगाव गेल्यावर त्यांनी विचारले, "आपल्या पोराचं काय?"

पोरगा म्हणजे त्यांचा नातू. तळेगावच्या एमआयडीसीत कंत्राटावर आहे. २०१४पासून प्रत्येक सभासदाला आयुष्यभराचा एकच क्रमांक मिळतो, नोकरी बदलली तरी तोच. त्याच्या मोबाइलवर पासबुक दिसते. गणपतीत तो घरी होता तेव्हा मामांनी त्याला ओट्यावर बसवले आणि एकेक महिना मोठ्याने वाचायला लावला. दोन कंत्राटदारांची दोन खाती एकाच क्रमांकाखाली होती. जुन्यातली सेवा नव्यात अजून वर्ग झाली नव्हती. तो अर्ज कसा करायचा ते मी दाखवले. वाचता वाचता पोरगा अडखळला. "जानेवारी हाय. मार्च हाय."

"फेब्रुवारी?"

"नाय दिसत. पण चिठ्ठीत कापलाय, आजोबा."

मामांनी माझ्या खिशातले पेन काढून घेतले, पेटीतली १९९८-९९ची पावती उलटी केली आणि तिच्या कोऱ्या पाठीवर महिना, साल आणि कंत्राटदाराचे नाव लिहिले. मग पोराला म्हणाले, "पुढं वाच."